माहेरच्या आडनावाचा माग

वाचकाचे पत्र :

‘मी तासगाव तालुक्यातल्या एका गावची माहेरवाशीण असून लग्नानंतर गेली ३१ वर्षे साताऱ्यात राहते. माझे माहेरचे आडनाव पोतदार. आमचे पूर्वज पेशव्यांच्या खजिन्यावर होते म्हणून आपण पोतदार, असे वडील लहानपणापासून सांगत आले. वडील आता ८४ वर्षांचे आहेत. मध्यंतरी माहेरच्या घराची डागडुजी चालू असताना आजोबांचा शाळेचा दाखला सापडला आणि त्यावर आडनावाच्या जागी “सोनार” असे लिहिलेले निघाले. कराडला आमचे एक चुलत घराणे आहे, ते “दीक्षित” लावते. भाच्याने मोबाइलवर शोधले, तर “पोती वाहणारा तो पोतदार” असा अर्थ सापडला. त्यावरून घरात हसू झाले आणि थोडी कटकटही झाली. भाऊ म्हणतो की आपले मूळ आडनाव दीक्षितच असणार, तेव्हा सगळ्यांनीच ते लावून घ्यावे. ट्रंकेत एक मोडी कागद आहे, पण तो कोणालाच वाचता येत नाही. खरे आडनाव कोणते आणि त्याचा अर्थ काय, हे वडील असेपर्यंत कळावे असे वाटते. “तू आता त्या घरची नाहीस, तुला काय करायचे आहे?” असेही भाऊ म्हणाला. शोध कुठून सुरू करू?’
— एक माहेरवाशीण, सातारा

उत्तर :

ताई, भावाच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. जमिनीच्या जुन्या फेरफारांच्या, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींच्या, नकला मागण्यासाठी त्या घरचे आडनाव लावावे लागत नाही. गावाचे नाव, गट किंवा सर्व्हे क्रमांक आणि ठरलेली फी एवढेच लागते. शिवाय आडनाव सोडून आलेल्या माणसाला त्या आडनावाकडे जरा लांबून पाहता येते, आणि या कामात तेच उपयोगी पडते.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते मला वेगळे करावेसे वाटतात. पोतदार या शब्दाचा अर्थ काय, हा एक प्रश्न आहे आणि तो शब्दकोश पाहून सुटतो. तुमच्या घराला तो शब्द केव्हा, कोणी आणि कशामुळे लावला, हा दुसरा प्रश्न असून त्याचे उत्तर कोणत्याही शब्दकोशात नाही, संकेतस्थळावर तर नाहीच. आपल्याकडे बहुतेक लोक पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे समजतात, आणि घराण्यांच्या दंतकथा तिथेच तयार होतात.

शब्दाचा अर्थ सांगतो. फारसीत ‘फोता’ म्हणजे पैशाची थैली, त्यावरून खजिना, आणि ‘फोतादार’ म्हणजे खजिन्याचा भरणा सांभाळणारा. मराठीत त्याचे पोतदार झाले; तिथला हिशेब लिहिणारा तो पोतनीस. जुन्या मराठीत सरकारी खजिन्यालाही ‘पोते’ म्हणत असत, त्यामुळे तुमच्या भाच्याला सापडलेला अर्थ अगदीच हवेतून आलेला नाही. फक्त ते पोते धान्याचे नव्हते, आणि ते पाठीवर वाहायचेही नव्हते. पोतदाराचे खरे काम पारखीचे होते. त्या काळात एकच एक रुपया चालत नसे. अंकुशी, चांदवडी अशी निरनिराळ्या टाकसाळींची नाणी एकाच बाजारात फिरत आणि प्रत्येकाचा कस, वजन आणि झीज वेगळी असे. रयतेने सारा भरला की त्यातले नाणे खरे की खोटे, पुऱ्या किमतीचे की त्यावर वटाव (कमी किमतीबद्दलची कपात) घ्यायचा, हे ठरवायला चांदीची जाण असलेला माणूस लागे. सरकारी भरण्यावर असा माणूस असे, कसब्याच्या पेठेत असे, आणि लहान गावात हेच काम गावचा सोनार करी. म्हणून मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात पोतदार शब्दाखाली खजिन्यातील नाणी पारखणारा अधिकारी आणि गावचा सोनार असे दोन्ही अर्थ सापडतात. बारा बलुतेदारांची यादी गावोगाव बदलते, आणि तिच्या काही पाठांत पोतदारही बलुतेदारांत मोजलेला आहे.

आता आजोबांच्या दाखल्याकडे पुन्हा पाहा. ‘सोनार’ आणि ‘पोतदार’ ही दोन आडनावे परस्परविरोधी असून त्यातले एक खोटे असले पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते एकाच घराच्या कामाला दोन लेखकांनी दिलेली ती दोन नावे असण्याचा संभव बराच आहे. गावातील चावडीने हुद्दा लिहिला आणि शाळेतील मास्तरांनी धंदा लिहिला. १९२० च्या आसपास मुलाला शाळेत घालायला पुष्कळदा शेजारी किंवा चुलता जात असे, ‘कोणाचा रे तू?’ असे मास्तर विचारत, ‘सोनाराचा’ असे उत्तर येई, आणि ते शाईने रजिस्टरात कायमचे बसे. यात कोणी काही लपवले असे मानायचे कारण नाही.

वडील सांगतात ती पेशव्यांच्या खजिन्याची गोष्टही लगेच मोडीत काढू नका, पण तिच्यावर विसंबूही नका. खजिना पेशव्यांचा, सांगली-मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा, सातारच्या महाराजांचा की नुसता पेठेचा, हे नाव कुठल्या गावात आणि कोणत्या काळात लागले यावर ठरेल. मोठ्या दरबाराचे नाव घराण्याच्या कथेत नंतर शिरते, असा माझा अनुभव आहे. तसेच पोतदार हा हुद्दा असल्याने तो वेगवेगळ्या जातींतील आणि एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या घरांना लागलेला आहे. इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांचे आडनाव तेच म्हणून ते तुमचे भाऊबंद ठरत नाहीत.

एका घराला अनेक आडनावे असणे ही तुमच्याच घरची विचित्र गोष्ट नाही, आणि त्यासाठी आपल्या भागाबाहेर जायलाही नको. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे मूळ आडनाव पिसाळ. पाटील हे नाव गावच्या पाटीलकीचे. औंधचे पंतप्रतिनिधी हे मूळचे किन्हईचे कुलकर्णी, म्हणजे त्यांचे एक हुद्द्याचे नाव दुसऱ्या, मोठ्या हुद्द्याच्या नावाखाली झाकले गेले. वाईजवळ मेणवलीला ज्यांचा वाडा आहे ते नाना फडणवीस जन्माने भानू. फलटणच्या निंबाळकरांचे मूळ कूळ पवारांचे सांगतात आणि निंबाळकर हे नाव निंबळक गावावरून आले असे मानतात. जतचे डफळे मूळचे चव्हाण, त्यांचे नाव डफळापूरवरून. यांतील कोणते आडनाव खरे, असे विचारले तर काय उत्तर द्याल? ज्या काळातील कागद हाती घ्याल त्या काळात ते खरे असते. गावावरून आडनाव येते तसे आडनावावरून गावही होते: कोकणातल्या किर्लोस गावावरून किर्लोस्कर झाले आणि त्या आडनावावरून पलूसजवळ किर्लोस्करवाडी वसली.

आणखी एक गोष्ट तुमच्या भागातीलच आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातील हजारो माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. काम बरेचसे जुन्या पोतदाराच्या जातकुळीचे, पारखीचे आणि कसाचे. तरीही त्यांतील कोणाचे आडनाव ‘गलाईवाले’ झालेले नाही. ते जाधव, शिंदे, पाटीलच राहिले, कारण ते या धंद्यात शिरले तोपर्यंत शाळा, सातबारा आणि शिधापत्रिका यांनी आडनावे पक्की करून टाकली होती. हेच काम त्यांच्या पूर्वजांनी दोनशे वर्षांपूर्वी केले असते तर कदाचित आज त्या भागात पोतदार कितीतरी जास्त दिसले असते. म्हणून मी म्हणतो की आडनावात पूर्वजांचे मूळ शोधण्यापेक्षा ते कागदावर कधी गोठले ते शोधा.

शोध वडिलांपासून सुरू करा, आणि कागदांच्या आधी करा, कारण कागद पुढच्या वर्षीही असतील. ‘आपले मूळ आडनाव काय?’ असे त्यांना विचारू नका. त्याचे उत्तर त्यांनी पाठ केलेले आहे. त्याऐवजी कुळाचाराचे विचारा: कुलदैवत कोणते, जावळ कुठे काढतात, लग्नानंतर गोंधळ घालतात की जागरण, बोडण असते का, नवरात्रात घट कोणत्या घरी बसतात, आजीचे माहेर कुठले, आत्यांना कुठे दिले. पालीचा खंडोबा, म्हसवड-खरसुंडीचा सिद्धनाथ, औंधची यमाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, यांपैकी ज्या दैवताला घर वर्षानुवर्षे जात आले, त्या वाटेवर पूर्वीचे गाव असण्याची शक्यता धरून चालता येते, जरी तो पुरावा नव्हे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुतकाचा आहे. कराडच्या दीक्षितांकडे कोणी वारले तर तुमच्या घरी दहा दिवसांचे सुतक धरतात का? त्यांच्याशी सोयरीक कधी झाली आहे का? सुतक धरत असतील आणि सोयरीक झालेली नसेल, तर ती भावकी आहे, आडनाव काहीही असो. सुतक नसेल किंवा मध्ये एखादे लग्न झाले असेल, तर ‘चुलत घराणे’ हा शब्द कोणीतरी प्रेमाने वापरलेला आहे आणि तुमच्या भावाचा सगळा तर्क तिथेच संपतो. माणसे आडनावे बदलतात, गाव बदलतात, जमीन विकतात, पण सुतक कोणाचे धरायचे हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनी सहसा चुकू दिलेले नाही. तेव्हा वडिलांबरोबर घरातील वयाने मोठ्या काकू किंवा आत्या असतील तर त्यांनाही विचारा, आणि भावाला शक्यतो त्या वेळी बाहेर पाठवा.

त्यानंतर कागद. नव्यापासून जुन्याकडे जायचे, उलटे नाही. पहिला मुक्काम आजोबांची शाळा. दाखला हा रजिस्टरातील उतारा असतो, मूळ नोंद नव्हे. म्हणून शाळेत जाऊन जनरल रजिस्टर प्रत्यक्ष पाहायची परवानगी मागा. ‘सोनार’ हा शब्द नावाच्या रकान्यात आहे की जातीच्या, आजोबांच्या भावांची नावे त्याच रजिस्टरात कशी लिहिली आहेत, आणि त्याच वर्षी इतर बलुतेदारांच्या मुलांचीही आडनावे मास्तरांनी सुतार, कुंभार, परीट अशीच लिहिली आहेत का, हे पाहा. तसे असेल तर ती त्या मास्तरांची पद्धत होती आणि तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग त्या एका पानावर सुटेल.

दुसरा मुक्काम तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. गाव नमुना क्रमांक १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. पणजोबांच्या मृत्यूचे अंदाजे वर्ष माहीत असेल तर तिथे त्यांचे नाव कसे लिहिले आहे ते कळेल. जमीन असेल तर फेरफार नोंदवही पाहा, कारण वारसाचा फेरफार हा वंशावळीचा सर्वांत भरवशाचा तुकडा असतो: मयत कोण, वारस कोण, त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे सगळे एका नोंदीत येते. गेली काही वर्षे जातीच्या नोंदी शोधण्यासाठी या कक्षांत मोठी गर्दी असते, तेव्हा एका फेरीत काम होईल असे समजून जाऊ नका.

इथे तुमच्या तालुक्याची एक अडचण लक्षात ठेवायला हवी. सांगली जिल्हा जुना नाही. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याचा पुढे सांगली जिल्हा झाला. त्याआधी तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. तेव्हा सांगलीला कागद मिळाला नाही म्हणून तो नाहीच असे समजू नका. तुम्ही राहता त्या साताऱ्यातच तो असू शकेल. शेजारच्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. मिरज, सांगली आणि जत ही संस्थाने होती, आटपाडी औंध संस्थानात होती, आणि १९४८ मध्ये ती विलीन होईपर्यंत त्यांची दप्तरे निराळी होती. चार मैलांवरच्या दोन गावांचे कागद त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात. वडिलांना एवढे नक्की विचारा की घर पहिल्यापासून याच गावात आहे की पणजोबा दुसरीकडून आले.

त्यापलीकडे जायचे तर पुण्याचे पुराभिलेखागार आहे. तिथे पेशवे दप्तर आहे, सातारच्या महाराजांच्या दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यानंतर वतनदारांकडून गोळा केलेले कागद आहेत. तुमच्या घराला पोतदारीचे वतन किंवा इनाम जमीन असेल तरच तिथे काही हाती लागेल. नुसत्या आडनावाच्या जोरावर तिथे गेलात तर रुमालांच्या ढिगापुढे बसून परत याल. म्हणून आधी गावच्या जुन्या उताऱ्यात ‘इनाम’ हा शब्द आहे का ते पाहा.

मोडी वाचून घेताना दोन गोष्टींची काळजी घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत आणि अनुस्वार पुष्कळदा गाळतात, त्यामुळे आडनाव वाचताना वाचणाऱ्याच्या मनात जे असते ते कागदावर उमटल्यासारखे वाटते. तुमचा शोध काय आहे हे वाचणाऱ्याला आधी सांगू नका. काहीही न सांगता नुसता कागद द्या आणि काय निघते ते पाहा. दुसरे, ‘रामजी बिन सुभानजी’ असे लिहिलेले असेल तर ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. मी नवशिका असताना आमच्याच घरातील एका कागदावरून ‘बिन’ नावाच्या घराण्याचा शोध तीन महिने करत होतो, हे आज सांगायला हरकत नाही. तारखेत शालिवाहन शकाचे वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवा, जुन्या दप्तरांतल्या कालगणनांपैकी फसली सन असेल तर सुमारे ५९०, आणि सुहूर सन असेल तर सुमारे ५९९. म्हणजे इसवी सन मिळेल.

कागदाबाहेरचे दोन स्रोत सांगतो. एक हेळवी. कर्नाटकाच्या बाजूने बैल घेऊन येणारे, दारात उभे राहून घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारे आणि धान्य, कापड, भांडी घेऊन जाणारे हेळवी सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक घरांच्या पिढ्या सांभाळून आहेत. गावातील कोणत्या घरांकडे ते येतात आणि तुमच्या घराकडे पूर्वी कोणी येत होते का, हे विचारून पाहा. दुसरा स्रोत तीर्थक्षेत्रांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यजमानाचे नाव, गाव आणि बरोबर आलेली माणसे यांची नोंद असते, कधी पूर्वजाची स्वतःची सहीही असते. तिथे माणसाने स्वतः सांगितलेले आडनाव सापडते. दुसऱ्या कोणी लावलेले नव्हे. तुमच्या बाबतीत मला या नोंदीचे मोल शाळेच्या दाखल्याहून जास्त वाटते.

आता भावाच्या बेताबद्दल. दीक्षित म्हणजे यज्ञाची दीक्षा घेतलेला. नाव भारदस्त आहे हे खरे, पण कराडच्या घराने ते केव्हापासून लावले हे कळल्याशिवाय ते ‘मूळ’ ठरत नाही. उद्या असेही निघेल की तेही पूर्वी पोतदारच होते आणि त्यांच्यातील एकाने शहरात गेल्यावर दीक्षित लावले. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलता येते, त्यात अडचण नाही. अडचण त्यानंतर येते. मुलांच्या जात पडताळणीच्या वेळी आजोबांचा ‘सोनार’ आणि वडिलांचा ‘पोतदार’ हे दोन कागद वंशावळीच्या शपथपत्राने जोडावे लागतीलच. त्यात स्वतःहून तिसरे नाव घालून काम वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचप्रमाणे जुन्या दाखल्यावरचे ‘सोनार’ खोडून ‘पोतदार’ करून घेण्याच्या भानगडीतही कोणी पडू नका. ती नोंद जशी आहे तशीच तुमच्या उपयोगाची आहे.

ट्रंकेतील मोडी कागदाचे छायाचित्र मला पाठवा, पण दोन्ही बाजूंचे पाठवा. तो मुद्रांकाचा कागद असेल तर मागच्या बाजूस मुद्रांक विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहिलेली असते. ती नोंद चारच ओळींची असल्याने आतल्या मजकुरापेक्षा लवकर लागते, आणि आडनाव बहुधा तिथेच असते. कागद घडीवर फाटत असेल तर चिकटपट्टी लावू नका.